सांधणी

या फ्योर्डात कुणी गेलं
की तिसऱ्या दिवशी माझ्या दारात बूट वाजतात.
बर्फ झटकतात, कॉफी घेतात, मग म्हणतात,
स्टाइनव्होर, तूच लिही. आम्हाला शब्द फुटत नाहीत.
आणि मी लिहिते. एकोणीस वर्षं लिहितेय,
दफनाच्या दिवशी छापून येतो तो दीड स्तंभ.
वीस वर्षांत न हसलेल्याला हसतमुख म्हणते,
बोटीत ओकाऱ्या काढणाऱ्याला दर्यावेडा.
कुणी हरकत घेत नाही.
मेलेल्याचं वजन लिहिताना थोडं कमी करायचं असतं,
सहाजणांना उचलायचं असतं ते.

सोमवारी केटिल गेला. माझा भाऊ.
पुरायचा शनिवारी.
मजकूर गुरुवारी बारापर्यंत, असा थोर्लाकूर संपादकाचा निरोप.

मंगळवारी मी लिहिलं: केटिल
पूर्णविराम दिला नाही.
बुधवारी सहा पेन्सिलींना टोक काढलं,
फ्रीजमागची भिंत पुसली,
आस्लॉगच्या मांजराला जंताचं औषध पाजलं, तिनं सांगितलं नसताना.
अकराला जेमतेम उजाडलं, साडेतीनला मिटलं.
कागद होता तिथेच.

शब्द नव्हते असं नाही हं.
सगळे होते, रांगेत, पॉलिश मारून:
कष्टाळू, सरळमार्गी, माणसं जोडणारा.
इतक्या मढ्यांना घालून झालेले ते कपडे,
केटिलच्या खांद्याला एकही बसेना.
लोक म्हणतात विहीर आटते.
माझी आटली नव्हती.
कुणीतरी तोंडावर बसलं होतं,
आणि त्याची पाठ माझ्यासारखी दिसत होती.

रात्री खाली धक्क्यावरच्या शेडमध्ये गेले.
ऑड्नी म्हातारी दिव्याखाली फाटकं जाळं घेऊन बसलेली.
मी बघत असताना तिनं चाकू उचलला
आणि फाटलेलं आणखी कापायला लागली.
अगं, वाढवतेस काय?
विरलेल्या कडेला नवा दोरा धरत नाही, ती म्हणाली.
धड गाठ लागेपर्यंत कापत जायचं.
भोक आधी मोठं होऊ दे. मग सांध.
मग चाकू मांडीवर पुसत:
तुझं कुठवर आलं?
सुरुवातच नाही.
ती पुढे बोलली नाही. तिला ठाऊक होतं.
अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

घरी आले. कोट न काढता लिहिलं:
माझा भाऊ केटिल माझ्यापासून दोनशे पावलांवर राहायचा
आणि सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

हात थरथरला. पण गाठ धड होती.

मग आपसूक पुढचं:
बापाची बोट त्यानं मला न विचारता विकली.
मी त्याला बापासमोर, बाप शवपेटीत असताना, चोर म्हटलं.
त्यानंतर तो दुसऱ्यांच्या बोटींवर जायचा
आणि दर फेरीतला एक हॅडॉक
पिशवीत घालून माझ्या दाराच्या कडीला टांगायचा.
दार वाजवायचा नाही.
मी तो आस्लॉगच्या मांजराला घालायचे.
मांजर लठ्ठ झालं.
दुकानात तो दिसला की मी बिस्किटांच्या रांगेत वळायचे,
मला बिस्किटं आवडत नाहीत, घरात अजून अकरा पुडे आहेत.

पहाटे चारला थांबले. संपलं म्हणून नाही,
पुढे मला माहीत नव्हतं म्हणून.
तो काय विचार करत कडीपाशी उभा राहायचा,
ते लिहायला मला तेव्हा दार उघडावं लागलं असतं.

साडेअकराला थोर्लाकूरचा फोन.
हे असंच छापू?
असंच.
पण स्टाइनव्होर, याला शेवट नाहीये.
नाहीये.
तो थोडा वेळ श्वास घेत राहिला, मग म्हणाला,
अकरा पुडे खरंच आहेत का?
ये, मी म्हटलं, कॉफी टाकते.

बाहेर पायरीवर मांजर बसलं होतं,
कडीकडे बघत.