एक नग कमी

भुसावळ सोडलं, तापीचा पूल ओलांडला
की डाव्या हाताला, केळीच्या बागांकडे पाठ करून
काळ्या दगडाची एक खोली उभी आहे.
आठ फूट बाय सहा. दार आहे, कडी नाही.
कागदावर ती धुके-सिग्नल चौकी,
गँगच्या तोंडी फटाकडाघर,
आणि माझ्या यादीत अनुक्रमांक सतरा:
पाडण्यायोग्य.

लोक हसतात. खान्देशात धुकं?
आमचे आकडे पंचेचाळीस, सेहेचाळीस, तेही सावलीतले.
पण पौषात केळीला रात्रीचं पाणी सोडलेलं असतं
आणि तीनच्या सुमाराला
नदी उठून रुळांवर येऊन बसते.
वर्षातून पाच रात्री. फार तर सात.
तेवढ्यासाठी कुणी हा दगड घडवला, चुना मळला,
कोनाडा ठेवला फटाक्यांच्या डब्यापुरता.
कोणत्या साली, ते दप्तरात वाळवीने खाल्लंय.

उरलेले दिवस खोली रिकामी राहिली असं नाही.
मुकादमाची फावडी होती. एक व्यालेली कुत्री होती.
एका उन्हाळ्यात पळून आलेलं जोडपं होतं,
त्यांना गँगने दोन दिवस कळण्याची भाकरी पोचवली,
ठेचा पोचवला,
आणि नाव विचारलं नाही.

धुक्याच्या रात्री स्टेशनमास्तर
समोरच्या खांबावरच्या दिव्याकडे बघायचे.
दिवा दिसेना, की सुभान मिठू तडवी निघायचा
घोंगडी, कंदील, डबा घेऊन.
सिग्नलच्या अलीकडे दोनशे सत्तर मीटर, पावलांनी मोजून,
रुळाच्या माथ्यावर एक फटाका,
शिशाच्या पट्ट्या दोन्ही अंगांनी दुमडायच्या,
दहा मीटर सोडून दुसरा.
मग मागे सरून उभं राहायचं.
चाक आलं की धडाड, आणि लगेच धडाड.
त्याचा अर्थ थांब असा नव्हता.
ड्रायव्हरला एवढंच सांगायचं होतं:
आता डोळे वर कर.

वहीत रोजचा हिशेब.
दिले दहा, वाजले आठ, परत दोन.
दिले दहा, वाजले सहा, परत चार.
जानेवारी एकाहत्तर, एका ओळीखाली लाल रेघ:
एक नग कमी. मालगाडी अकरा मिनिटं उभी.
खुलासा मागवला.

खुलासा दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, खाली अंगठा.
"साहेब, धुकं नव्हतं. भर दुपार होती.
पोरगी चार वर्षाची झाली, हाकेला वळत नाही.
ताट वाजवून पाह्यलं, ढोल वाजवून पाह्यला.
याच्याहून मोठा आवाज माझ्यापाशी नाही.
तिले खोलीच्या भिंतीला टेकवून बसवली
अन् एक लावला.
चुकी कबूल."

दंड सव्वादोन रुपये.
आणि त्याच्या बाजूला, शिसपेन्सिलीने,
मास्तरांच्या तिरप्या अक्षरात,
जे सरकारी कागदावर कुणी लिहीत नाही:
ऐकू आलं का?

खाली काही नाही. पुढचं पान फेब्रुवारी.

आता इंजिनात डबी बसवली आहे,
ती सिग्नल यायच्या आधी बोलते, बाईच्या आवाजात.
फटाके मुदत संपून जमा झाले.
मी टेप घेऊन खोली मोजायला गेलो
तर उंबऱ्यावर एक बाई बसलेली,
पायाशी शेळ्या, कानामागे पांढरी बट.
गँगमनने सांगितलं, सुगरा. सुभानची.
बोलत नाही ती. पण गाडी कोणती ते आम्हांला तीच सांगते.

मी वही उघडून रेघ दाखवली. वाचता येत नव्हतं तिला.
अंगठ्यावर मात्र बोट ठेवून राहिली.
मग उठली, माझं मनगट धरलं
आणि तळहात दगडावर टेकवला.
लाइन रिकामी होती. केळीचं पान हलत नव्हतं.
मी हात काढायला गेलो,
तिने सोडला नाही.

आधी दगडात आली गाडी,
बारीक, मुंगीच्या चालीसारखी, कोपरापर्यंत.
कानात यायला अजून बराच वेळ होता.
तिने चार बोटं उचलून दाखवली, मग मुठी आवळली:
मालगाडी. भरलेली.

यादी उद्या जायची आहे.
सतरासमोर मी सही केलेली नाही.
न केली तरी पाडतीलच.
शिसपेन्सिलीच्या प्रश्नाखाली जागा होती, तिथे
काय लिहावं ते सुचेना,
म्हणून पान तिच्यापुढे धरलं, शाईचा पॅड उघडला,
आणि तिने अंगठा नाही,
अख्खा तळवा उठवला.