जस्त

महाप्याला आमच्या प्रयोगशाळेत
मध जाळतात.
हे ऐकून जमनी वरठा माझ्याकडे अशी बघत राहिली
जणू मीच मोहोळाला आग लावली.

येऊरहून आली होती, दोन बस बदलून.
पिशवीत सरबताच्या दोन बाटल्या,
तोंडाला प्लास्टिक, वर रबर.
एक जांभळीच्या बहराची, काळपट.
दुसरी ऐरोलीच्या खाडीकडची, तिवरांची,
भावाने पुलाखालून काढलेली.
व्यापारी म्हणतो शहरातल्या मधात शिसं असतं,
म्हणून निम्माच भाव.
"खरं का खोटं, तेवढं बघा."

दहा ग्रॅम मुशीत घेतला.
मध लगेच जळत नाही. आधी फुगतो,
काळा होऊन काठावर येतो,
उतू जाणाऱ्या दुधापाशी थांबावं
तसं थांबावं लागतं.
मग साडेपाचशे अंशांवर रात्रभर.
सकाळी वास नाही, गोडी नाही,
नखावर मावेल एवढी राख.
ती आम्लात विरघळवून यंत्राला पाजली.

जांभळीच्या मधात पोटॅशियम उदंड,
लोह, मँगनीज, चिमूटभर तांबं,
येऊरचा डोंगरच मुळांनी वर चढवलेला.
खाडीच्या मधात सोडियम जास्त.
भरती फुलापर्यंत पोचते तर.
शिसं दोन्हींत यंत्राला दिसेल एवढंही नाही.

पण जस्त.
जांभळीच्या मधात इतकं
की मी सगळ्या नळ्या धुऊन
पुन्हा चालवलं.
पुन्हा तेवढंच.

फोन केला. हा कशात ठेवला होता?
"डब्यात, पत्र्याच्या. व्यापाऱ्यानंच दिलेला, नवा, चकचकीत.
खाडीचा थेट बाटलीत भरला."
आतून बघ जरा.
झाकण उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.
"आतली चमक गेलीय."

मध आंबट असतो,
गोडीपुढे जिभेला कळत नाही.
पत्र्याला कळतं.

अहवालात रकाने तीन. धातू, मात्रा, मर्यादा.
कुठून आलं, याला रकाना नाही.
मी सहीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं,
माशीचा दोष नाही.
साहेबांनी लाल पेनाने खोडलं,
नवी प्रत काढायला लावली.

जमनीला मी दोन्ही दिल्या.
नवी तिने न बघताच पिशवीत टाकली.
खोडलेली उजेडात धरली,
एकेक अक्षर लावत शेवटच्या ओळीपर्यंत गेली,
आणि म्हणाली,
"यावर शिक्का नाही मारला?"