मोजणी

सिंगाटोकाच्या वाळूच्या टेकड्या.
पहाटे पळताना पोटरीपर्यंत रुततो पाय.
जोसैया माथ्यावर पहिला.
कॅप्टन आहे, त्याला वाटतं
पहिलं पोचणं म्हणजेच कॅप्टन असणं.

सेतारेकी सर्वांत शेवटी येतो.
साठीचा माणूस, एक गुडघा लेबनॉनमध्ये ठेवून आलेला.
जो कोणी मागे पडला असेल
त्याच्या बरोबरीनं चढतो,
ना शिवी, ना शाबासकी.
वर आला की मोजतो.
बोटानं नाही, हनुवटीनं.
सात. मग माझ्याकडे बघून, आठ.
मग म्हणतो, पाणी.

मी राखीव. बाटल्या माझ्याकडे.
म्हणून मलाच ठाऊक,
त्याची बाटली बहुतेकदा भरलेलीच परत येते.

एकदा जोसैया चिडला :
सारखं मोजता काय, आम्ही बकऱ्या आहोत का?
सेतारेकीनं बूट काढून उपडा केला.
वाळू पडत राहिली,
बराच वेळ.
"गस्तीला आठ जण गेलो होतो.
मी पुढे होतो, झपाझप.
छावणीत येऊन मोजले,
तर सात."
आणि नाडी बांधत बसला.

शनिवारी सुवाला
आम्ही दोन गुणांनी हरलो.
पोरं गवतावर आडवी, कुणी तोंडावर जर्सी ओढून.
जोसैया तेवढा उभा.
हनुवटी हलत होती त्याची,
एकेकावर थांबत,
शेवटी काठावर,
माझ्यापर्यंत.

पाणी, म्हणाला.

बाटल्या गोळा केल्या तेव्हा
एक जड लागली हाताला.
सेतारेकीची नव्हती.