वजन आधी आत जातं

रबाळ्याच्या शेडमध्ये, दुपारी साडेतीनला
ड्रॉइंगच्या कोपऱ्यावर चहाचा कागदी कप ठेवून
कमळाकर मढवी म्हणाला,
'यो पाय टाकीला धरणार कुठं, मॅडम?'

मी बोट ठेवलं.
शंकू सुरू होतो त्याच्या वीतभर वर,
सहा मिलिमीटरच्या पत्र्यावर.
कालवलेला चुना अठरा टन, पाय चार.
भागाकार केला होता मी.
वारा धरला होता, भूकंपही.

त्याने उरलेला घोट संपवला,
रिकामा कप माझ्यासमोर धरला
आणि कुशीत अंगठा दाबला.
'वजन खाली नाय जात.
पयलं आत जातं.'

पाय उभा पत्र्याच्या बाहेर,
त्याचा मध्य नव्वद मिलिमीटर दूर.
तेवढ्या फटीत बसून वजन पत्र्याला
वर बाहेर ओढणार, खाली आत रेटणार.
माझ्या वहीत ती एक ओळ.
पत्र्याला मात्र
रविवारसुद्धा नाही.

रात्री ऐरोलीला, जेवणाचं ताट बाजूला सारून
पुन्हा मांडलं.
शंकू लोंबतो,
आणि लोंबणारा ज्याला धरून लोंबतो
त्यालाच आत ओढत राहतो,
म्हणून सांध्याभोवती पट्टीचं कडं.
पायामागे आठचं पॅड,
पायाहून चहूकडे पन्नास जास्त,
कोपरे गोल. चौकोनी कोपऱ्यावर ताण जमतो
नाक्यावर पोरं जमतात तसा,
कारण नसताना, आणि मग एक दिवस काहीतरी होतं.
वेल्ड अखंड. मध्ये सोडलेले टाके नकोत:
पाणी शिरतं, गंज आतून चालू होतो,
रंग बाहेर तसाच.

सकाळी मढवीने कागद उलटा धरून पाहिला,
मग सुलटा.
'भोक?'

कसलं भोक?

पॅड चारी बाजूंनी बंद केलं
की हवा अडकते आत, तापते,
आणि शेवटचा इंच भरताना
वितळलेल्या लोखंडातून फुंकर घालून निघते.
'सहाचं एक द्या. तळाला.
उद्या गळलं, तर सगळ्यांच्या आधी त्येच सांगंल.'
पावण्याच्या एका टाकीला नव्हतं म्हणाला.
पुढचं सांगितलं नाही.
डावी बाही कोपरापर्यंत वर केली,
मी पाहिलं एवढं बघून
खाली घेतली.

'तपासले'च्या चौकटीत मी लिहिलं, क. मढवी.
ऑफिसने ते खोडून साहेबांची सही घेतली.
खोडण्याआधीची प्रत माझ्याकडे आहे.

चाचणीला रात्रभर पाणी भरलं.
पत्रा अधूनमधून बोलायचा, टण्ण,
आणि वॉचमन माझ्याकडे बघायचा.
टॉर्च घेऊन मी पायापायाशी वाकत होते,
चार भोकं, चार काळे ठिपके,
तिसऱ्यापाशी उगाच जास्त वेळ.

पाचला मढवी आला.
जेवणाचा डबा खाली ठेवला,
एकेका भोकावर बोट टेकवलं
आणि सवयीने बोट शर्टाला पुसलं.

पुसण्यासारखं काही नव्हतं.