पहिला भाग

आमच्या आइसलँडमध्ये तेव्हा
गुरुवारी टीव्ही बंद असायचा,
आणि जुलैचा महिनाभर.
म्हणून नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी
अख्खी खाडी आमच्या बैठकीत कोंबलेली,
ओल्या लोकरीचा वास, काचांवर वाफ.

नवी मालिका. नाव उमटलं,
आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.
डोंगरावरच्या मनोऱ्यानं बर्फ धरला होता.
केटिल न बोलता उठला,
फावडं घेऊन गेला.

चित्र आलं. तो नाही आला,
भाग संपेपर्यंत वरच बर्फ झोडत होता.

"काय झालं गं त्यात?"
भुवयांवर हिम, कान जांभळे.
एक बाई आगगाडीतून उतरली,
चहा मागवला, तो निवला.
बस्स, एवढंच.
हे कुठल्या तोंडानं सांगू?
म्हटलं, फलाटावर एक कुत्रा होता.
लंगडा. तिच्या मागे मागे गेला.

सव्वीस आठवडे त्यानं कुत्र्याची वाट पाहिली.
शेवटच्या भागानंतर बोटीवर, दुकानात, चर्चच्या पायरीवर
लिहिणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली:
"जनावराला असं अर्ध्यात सोडतात का?"
मी बटाटे सोलत राहिले.
पुढे सांगायचं राहूनच गेलं.

परवा शेजारच्या ईस्लेफनं
तोच भाग फोनवर शोधून दिला.
बाई उतरली. केवढी तरुण होती ती!
चहा आला.
ईस्लेफ कंटाळला, म्हणाला, पुढे ढकलू का?

थांब, म्हटलं,
जरा फलाट बघू दे.