तीन बोटं

शिरोलीच्या फौंड्रीत, पाळी बदलताना
आम्ही टेबल मांडतो. टॉर्च, हातमोजे, नोंदवही.
'आ करा.' दिवसात शंभरदा.
मग म्हणते, आपलीच तीन बोटं उभी धरून
तोंडात घाला बघू.
तीन मावली, तर जावा कामाला.

अंकुश चौगलेची दीड मावली.
गालात पांढरी, ताठ दोरी; जिभेच्या कडेला एक चट्टा.
'तिखट झोंबतं?'
'दोन वर्षं तांबड्याला शिवलो न्हाई. पांढराच.
घरात म्हणत्यात, कोल्हापूरचं नाव घालवलंस.'
रांग हसली. तोही हसायला गेला,
पण तोंड तेवढं उघडेना.

खिशातला मावा त्यानं न सांगता टेबलावर ठेवला.
मी म्हटलं, मंगळवारी सेंटरला या,
सोबत कुणीतरी आणा.
'सोबत' ऐकून त्याला खाली बसावं लागलं.

चट्ट्याचा तुकडा मेणात गेला, मग काचेवर,
अभ्यासाच्या फाइलीत त्याला नंबर मिळाला.
आवडीनिवडीला फॉर्मवर रकाना नाही.
समासात मी पेन्सिलीनं लिहिलं : तांबडा आवडायचा.
'आवडायचा' खोडून 'आवडतो' केलं.

आता ऑपरेशनला पाच महिने.
आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून
दातांत धरतो, आठवड्याला एक वाढवतो.
डोळ्यांत पाणी आलं की गडी खिडकीबाहेर बघतो.
काल बोटं घालून दाखवली : दोन, आणि तिसऱ्याचं नख.
'ताई, रविवारी रस्सा?'
गार करून, म्हटलं. एक चमचा.
'कुठला?' त्यानं विचारलं,
आणि मी नोंदवहीत तोंड घातलं.