चार मेगाबाइट

औलूत डिसेंबरमध्ये दुपारी तीनलाच अंधारायचं.
राइलीबाईंच्या दुकानात टाइपरायटरच्या फितींशेजारी
खेळांची एकच फळी.
खोकी पुस्तकांहून जाड,
हलवलं की आत काहीतरी खुळखुळायचं.

उन्हाळ्यात जंगलातल्या बेरी विकून जमवलेली नाणी
यार्क्कोनं काउंटरवर ओतली.
ती मोजता मोजता बाई म्हणाल्या,
"खोक्याची कड वाचलीत ना रे?"

नव्हती वाचली.
आठ मेगाबाइट हवे होते, घरच्या यंत्रात चार.

परत न्यायची लाज वाटली.
मग तो अख्खा हिवाळा आम्ही पुस्तिकाच खेळलो:
नकाशा जमिनीवर पसरून,
आईच्या कोटाच्या बटणांची गलबतं करून.
यार्क्को वादळ व्हायचा, गाल फुगवून.
नकाशावर कॉफी सांडली,
तिथे आम्ही एक बेट मानलं
आणि त्याच्यासाठी तीनदा भांडलो.

परवा तो खेळ सापडला. फुकट.
नऊ सेकंदांत उतरला.
समुद्र होता, वादळंही बरी होती.
पहाटेपर्यंत गलबत हाकलं,
बेट काही लागेना.

यार्क्कोला फोन केला.
झोपेतच म्हणाला,
"जरा डावीकडे. घडीच्या खाली."